कोकणचा घाम, मनालीची थंडी आणि साडेसात किलोची बॅग

निघायच्या बारा दिवस आधी आम्ही अक्कांची बॅग कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्याला अडकवली. १७ किलो ४०० ग्रॅम. रद्दीवाला शांतपणे म्हणाला, "वैनी, ह्यात पेपर किती आणि पुस्तकं किती? भाव येगळा हाय."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय ६१. हरिप्रिया एक्स्प्रेसनं तिरुपती सोडलं तर लांबचा प्रवास नाही. आणि यंदा डिसेंबरात बेत असा: रत्नागिरीला भाचीचं लग्न, तिथून रेल्वेनं राजस्थान, जैसलमेर, मग दिल्ली आणि शेवटी मनाली. सोळा दिवस, चार तऱ्हेच्या हवा. अक्कांनी प्रत्येक गावासाठी वेगळं गाठोडं बांधलं होतं, म्हणजे चार सहलींचं सामान एकाच बॅगेत कोंबलं होतं. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. तेव्हा १९ किलोची बॅग घेऊन एका स्टेशनचा दादर चढताना तिची दांडी माझ्या हातात आली आणि बॅग मात्र परत खाली, प्लॅटफॉर्मवर गेली.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत जे जमलं ते पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमानंच सांगते.

आधी आकडे, मग कपडे

वहीत प्रत्येक मुक्कामापुढे चार गोष्टी लिहायच्या: दिवसाचं तापमान, रात्रीचं तापमान, हवा दमट की कोरडी, आणि गावाची उंची. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर प्रमुख शहरांची महिनावार सरासरी मिळते. निघायच्या आदल्या दोन दिवसांत ताजा अंदाज बघून आकडे दुरुस्त करायचे.

आमचं पान साधारण असं होतं. रत्नागिरी: दिवसा ३२, रात्री २०, दमट, समुद्रकाठ. जैसलमेर: दिवसा २५, रात्री ८, कोरडं. दिल्ली: दिवसा २२, रात्री ८, सकाळी धुकं. मनाली: दिवसा १०, रात्री शून्याच्या आसपास, उंची दोन हजार मीटरच्या थोडी वर.

हे एवढ्यासाठी, की आपण गावाचं नाव ऐकून बॅग भरतो. राजस्थान म्हटलं की वाळवंट, वाळवंट म्हटलं की ऊन. अक्कांनी जैसलमेरच्या गाठोड्यात तीन पातळ सुती साड्या आणि हातपंखा ठेवला होता. पण कोरड्या हवेत, निरभ्र आकाशाखाली दिवसभर तापलेली वाळू रात्री झपाट्यानं उष्णता सोडून देते. धरून ठेवायला हवेत बाष्प नाही, वर ढग नाहीत. कोकणात नेमकं उलटं. तिथं दमट हवा रात्रीही गारवा पडू देत नाही. आपलं कोल्हापूर मधलं. इथं डिसेंबरात पहाटे स्वेटर आणि दुपारी अर्ध्या बाहीचा शर्ट, हे आपण न शिकता करतोच.

उंचीचा हिशोब सोपा आहे. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. २०२० साली सुरू झालेल्या अटल बोगद्यानं मनालीहून पलीकडे लाहौल खोऱ्यात उतरलात, तर तुम्ही ३१०० मीटरच्या आसपास असता. म्हणजे हॉटेलमधून निघताना १० अंश असेल तर तिथं तीन-चारच धरा, आणि वर वारं. नुसता मनालीचा अंदाज बघून तिकडे जायचं नाही ते यासाठी.

पान लिहून झालं की सर्वांत खालचा आकडा आणि सर्वांत दमट मुक्काम, या दोनच ओळींना गोल करायचा. बॅग या दोन टोकांसाठी भरायची. मधली गावं आपोआप त्यात बसतात.

बॅग सामान मोजून घ्यायची नाही

सामान गोळा करून मग ते मावेल अशी बॅग शोधणं ही उलटी गंगा. ३५ ते ४० लिटरची बॅग आधी ठरवायची आणि जे मावेल तेच न्यायचं. साठ लिटरची घेतलीत तर साठ लिटर भरेल. रिकामी जागा बघून आपल्याला भडंगाची पिशवी आठवतेच.

रेल्वे स्लीपरमध्ये माणशी ४० किलो विनाशुल्क नेऊ देते. तो परवाना आहे, आज्ञा नव्हे. मी विमानाच्या केबिन बॅगेचा, म्हणजे साधारण ७ किलोचा आकडा समोर ठेवते, रेल्वेनं जायचं असलं तरी. अक्कांसाठी ८ ची मुभा ठेवली, कारण त्यांच्या औषधांचा डबा.

चाकांची की पाठीवरची? लोक यावर भांडतात. माझं मत: चाकं फक्त गुळगुळीत फरशीवर कामाची. जैसलमेरच्या किल्ल्यात आत लोक राहतात, हॉटेलं आहेत, पण गल्ल्या दगडी आणि चढाच्या. मनालीत उतार आणि ओली खडी. तिथं चाकांची बॅग शेवटी हातातच धरावी लागते. पाठ किंवा गुडघे दुखत असतील तर मात्र हट्ट करू नका. चाकांचीच घ्या, पण लहान.

परीक्षा घरच्या घरी होते. भरलेली बॅग पाठीवर टाकून तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा चढा. दुसऱ्या वेळी मधे थांबावं लागलं तर एक किलो कमी करा आणि परत चढा.

थर, आणि इचलकरंजीचे भाऊजी

आता मुख्य भाग.

गगनबावड्याकडे पावसात मेंढरांमागं फिरणारा धनगर तुम्ही पाहिला असेल. डोक्यावरून घोंगडं, हातात काठी. तेच घोंगडं उन्हात सावली, पावसात आडोसा, थंडीत पांघरूण, बसायला बैठक. ते नुसतं जाड असतं म्हणून ऊब देत नाही. लोकरीच्या धाग्यांत हवा अडकते आणि ती अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. घोंगडं दोन-तीन किलोचं, ते काही बॅगेत जाणार नाही. पण तत्त्व घ्यायचं: ऊब कापडाच्या जाडीत नाही, अडकलेल्या हवेत आहे. म्हणून एका जाडजूड कोटापेक्षा तीन पातळ थर भारी. प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा आणखी एक पापुद्रा मिळतो, आणि गरम झालं की एकेक उतरवता येतो.

कापड कुठलं, हे मला आमच्या इचलकरंजीच्या भाऊजींनी शिकवलं. उभा जन्म मागावर गेला त्यांचा. दिवाळीला घरी आले असताना त्यांनी सोप्यातच प्रयोग केला. माझा सुती कुर्ता, पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि माझ्या नवऱ्याची जीन्स, तिन्ही बादलीत बुडवले, पिळले आणि दोरीवर टाकले. चहा-फराळ होऊन गप्पा संपेपर्यंत टी-शर्ट वाळला होता. कुर्ता संध्याकाळी वाळला. जीन्सचे खिसे दुसऱ्या दिवशी दुपारीही ओलसर होते.

"वैनी, सुताला पाण्याची माया," भाऊजी म्हणाले. "नेहमीच्या हवेत सूत साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून बसतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा न्हाई. म्हणून पॉलिस्टर घाम टिपत न्हाई आणि पाणी धरत न्हाई. दोन्ही एकाच गुणामुळं."

याचा अर्थ लावायचा तो असा. कोकणच्या दमट उकाड्यात दिवसभर अंगावर मलमल किंवा पातळ सुती बरं, कारण तिथं घाम टिपणारं हवं. पण तेच सुती कापड मनालीत अंगाला चिकटून घालू नका. चढ चढताना घाम येतो, सूत तो धरून ठेवतं, आणि थांबलात की ओलं कापड अंगावर गार पडतं. थंडीतला सर्वांत आतला थर सुती नको. सुती बनियनवर स्वेटर घालून "एवढं घातलं तरी थंडी वाजतीय" म्हणणारे सहलीला दरवर्षी भेटतात.

तर तीन थर:

सर्वांत आत थर्मलचा, म्हणजे थंडीत आतून घालायच्या बनियन-विजारीचा, एक जोड, अंगाला घट्ट. वजन साधारण ३००-३५० ग्रॅम. त्यावर ऊब धरणारा थर, म्हणजे फ्लीसचं (लोकरीसारख्या मऊ, हलक्या कृत्रिम कापडाचं) जाकीट किंवा लोकरीचा पातळ स्वेटर. आईनं विणलेला जाड स्वेटर भावनेनं न्यावासा वाटतो, पण त्यानं बॅगेचा एक कोपरा कायमचा खाल्ला म्हणून समजा. सर्वांत वर वारा आणि पाऊस अडवणारं पातळ जाकीट. हा थर ऊब देत नाही, आतली ऊब उडवून नेणाऱ्या वाऱ्याला अडवतो. बाईकवर पन्हाळ्याला गेलेल्या कुणालाही हे वेगळं समजावावं लागत नाही.

मनालीसाठी आणखी एक दाबून लहान होणारं, कापूस भरल्यासारखं दिसणारं हलकं जाकीट. पिसांचं असेल तर भिजवू नका, ओली झाली की पिसं एकमेकांना चिकटतात आणि ऊब जाते. मानवनिर्मित तंतू भरलेलं थोडं जड असतं, पण भिजलं तरी काम करतं. पहिल्यांदा घेणाऱ्यानं हेच घ्यावं. स्वस्तही पडतं.

आणि जाड फरचा कोट? तो नेऊच नका. मनालीहून बर्फाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लांब कोट आणि गमबूट भाड्यानं देणाऱ्या दुकानांची रांगच आहे. एका दिवसासाठी तीन किलो कोल्हापूरपासून वाहून न्यायचे कशाला? मोजे मात्र स्वतःचे घाला. भाड्याच्या बुटात आपले मोजे, हा माझा घरचा नियम आहे.

थरांचं गणित तुमच्या वहीतल्या आकड्यांशी जुळवा. रत्नागिरी: फक्त कुर्ता. जैसलमेर दुपारी: कुर्ता. जैसलमेर रात्री, वाळूत: कुर्ता, फ्लीस, वरचं जाकीट. मनाली सकाळी: सगळं, एकावर एक. नवं गाव आलं की नवा कपडा नाही, आणखी एक थर. माझं सोळा दिवसांचं सामान यावरच उभं होतं: तीन कुर्ते (एक अंगावर), दोन पँटी (एक अंगावर, जीन्स एकही नाही), थर्मल, फ्लीस, हलकं जाकीट, वरचं जाकीट, आतल्या कपड्यांचे चार जोड, मोज्यांचे तीन, त्यातला एक लोकरी. कानटोपी, हातमोजे, एक मोठी ओढणी.

साडी नेसणाऱ्यांसाठी

थरांबद्दल लिहिणारे सगळे पँट-शर्टवाले. अक्का पँट घालणार नाहीत हे मी धरूनच चालले होते.

साडीचंही जमतं. परकराच्या आत थर्मलची विजार. ब्लाउजऐवजी पूर्ण बाहीचा लोकरी ब्लाउज, आत थर्मल. त्यावर फ्लीस, आणि पदर फ्लीसच्या आतून घेऊन कमरेला खोचलेला, म्हणजे वाऱ्यावर उडत नाही आणि छातीवर आणखी एक पापुद्रा मिळतो. हे अक्कांनी स्वतः शोधलं, मी नाही. चपलेसाठी अंगठा वेगळा असलेले मोजे मिळतात, ते दोन जोड.

साड्या किती? अक्कांचा आकडा नऊ होता. चर्चा झाली.

"आगं, फोटोत रोज तीच साडी दिसंल की!"

"अक्का, मनालीत साडी दिसणार कुठं? वर दोन जाकिटं असणार."

तीनवर तडजोड झाली: दोन जॉर्जेट आणि एक सुती. जॉर्जेटची साडी हलकी, घडी लहान, चुरगळत नाही, रात्री धुतली तर सकाळी नेसता येते. एकच जपायचं: वाळवंटातल्या तंबूत रात्री शेकोटी असते आणि कृत्रिम धाग्याला ठिणगी लागली तर तो वितळून अंगाला चिकटतो. शेकोटीजवळ सुती साडी किंवा वरून लोकरी शाल.

लग्नाची पैठणी आणि दागिने सहलीला न्यायचेच नाहीत. लग्न उरकलं की आमचा पुतण्या गाडीनं कोल्हापूरला परतणार होता. पैठणी, तिचा परकर, भेटीत आलेले खण-नारळ, सगळं त्याच्या डिकीत. पहिल्या टप्प्यापुरतं लागणारं सामान परत पाठवायची सोय निघण्याआधी बघून ठेवा. नातेवाईक नसेल तर कुरिअर. पाच-सहाशे रुपये जातात, पण चौदा दिवसांची हमाली वाचते.

पायताण

कोल्हापूरचा माणूस कोल्हापुरी घालूनच निघणार, हे मला कळतं. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान मलाही आहे. पण या सहलीत ती घरी ठेवा. तिचं चामडं वनस्पतींच्या साली-फळांत कमावलेलं असतं. भिजलं की फुगतं, नीट वाळवलं नाही तर आकार सोडतं. कोकणच्या ओल्या वाळूत आणि मनालीच्या वितळत्या बर्फात तिचे हाल. कापशी प्रकारची जड चप्पल असेल तर वजनही विचारू नका.

दोन जोड बास. पायात चांगल्या तळव्याचे बूट, बॅगेत रबरी सँडल. बूट नवे असतील तर निघण्याआधी पंधरा दिवस रोज रंकाळ्याला चक्कर मारून पायात बसवून घ्या. टाचेला फोड यायचा असेल तर तो घराजवळ येऊ दे.

धुणं आणि पंचा

चार जोडांत सोळा दिवस निघतात ते रोजच्या धुण्यामुळं. आंघोळीलाच आतले कपडे धुवायचे, साबणाच्या वडीचा एक तुकडा पुरतो. पिळल्यावर कोरड्या पंचात गुंडाळून, पंचावर पाय देऊन दाबा. बरंचसं पाणी पंचा ओढून घेतो आणि वाळायचा वेळ कमी होतो.

पंचाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण लोक जाड टर्किश टॉवेल नेतात आणि तो दुसऱ्या दिवसापासून वास मारायला लागतो. आपला साधा सुती पंचा पातळ, खिडकीत तासा-दोन तासांत वाळतो. तोच उन्हात डोक्याला, रेल्वेत उशीवर, धुळीत नाकाला. दोन न्या.

दोरी म्हणून परकराची नवी नाडी, चार-पाच मीटर. सेफ्टी पिना डझनभर. कपडे हवेशीर जागी पंख्याखाली टाका. कोकणात धुणं रात्रीत वाळेलच असं नाही, म्हणून मोठं धुणं तिथं काढू नका. जैसलमेरच्या कोरड्या हवेत काढा, तिथं दुपारी पँटसुद्धा वाळते. मनालीत शून्याच्या आसपास काही वाळत नाही, तिथं पोहोचताना सगळं स्वच्छ हवं. धुण्याचं वेळापत्रक हवेप्रमाणं लावलंत की कपड्यांची संख्या आपसूक खाली येते.

तेल, औषधं, चटणी

खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. रत्नागिरीत ते पातळ होऊन झाकणातून झिरपतं, दिल्लीत दगड होऊन बाटलीतून निघत नाही. अक्कांच्या अर्धा लिटरच्या बाटलीचं वजन नुसतंच वाहायचं होतं. लहान रुंद तोंडाच्या डबीत १०० ग्रॅम घ्या, थंडीत बोटानं किंवा चमच्यानं निघतं. डबी घट्ट पिशवीत. शाम्पूच्या पुड्या न्या, बाटली नको.

कोरड्या थंडीत ओठ आणि टाचा फुटतात, त्यासाठी व्हॅसलीनची छोटी डबी. उंचीवर ऊन कोवळं वाटतं पण अतिनील किरण जास्त असतात, बर्फावरून परतून खालूनही लागतात. काळा चष्मा आणि सनस्क्रीन थंडीच्या गावासाठीही लागतं, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला पटत नाही आणि नाक सोलल्यावर पटतं.

औषधं नेहमीच्या हँडबॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि तीन-चार दिवसांचा जादा साठा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी दोन्ही टोकं सांभाळायची: उन्हात तापू द्यायचं नाही आणि थंडीत गोठू द्यायचं नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. मनालीत ते खिडकीत किंवा गाडीत न ठेवता खोलीत, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. रक्तदाब, दमा, हृदयाचं काही असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना रस्ता दाखवा.

थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. पॉवर बँक २० हजार एमएएचपर्यंतची पुरे. विमान असेल तर ती हँडबॅगेतच.

आता कांदा-लसूण चटणी. तिच्याशिवाय आपला माणूस उत्तरेतली दाल खात नाही, मान्य. पण विमानानं येणार असाल तर चटणी आणि तिखट हातातल्या बॅगेत ठेवू नका. आमच्या एका मामांचा अर्धा किलोचा डबा सुरक्षा तपासणीत काढून घेतला होता, आणि डबा स्टीलचा होता याचंच दुःख मामींना जास्त. आम्ही रेल्वेनं होतो. दोनशे ग्रॅम, दोन पिशव्यांत, एकीला गाठ एकीला रबर. भडंग वजनाला काही नाही, पण जागा एका जाकिटाची खातं. ते पहिल्या दिवशीच्या गाडीतच संपवायचं या अटीवर अक्कांना मंजूर केलं. सातारा यायच्या आत संपवण्याची त्यांची तयारी होती. पण रत्नागिरीच्या वाटेवर सातारा लागत नाही, म्हणून ते आंबा घाटात संपलं.

भरण्याचा क्रम

पहिल्या मुक्कामाला जे लागणार नाही ते तळाशी. आमच्या बाबतीत थर्मल, हलकं जाकीट, लोकरी मोजे, एका पिशवीत दाबून. मधे कपडे, घडी न घालता गुंडाळी करून. पाठीला चिकटून जड वस्तू. सर्वांत वर पातळ जाकीट आणि फ्लीस, कारण रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात बाहेर कितीही उकडत असलं तरी रात्री तेच लागतं.

दिल्लीला पोहोचलो की बॅग एकदा पूर्ण रिकामी करून उलटी भरायची. मनालीची बस रात्रीची असते, पहाटे ती उतरवते तेव्हा थंडी कडाक्याची, आणि त्या वेळी रस्त्यावर बॅग उघडून थर्मल शोधणारा माणूस केविलवाणा दिसतो. थर्मल दिल्लीतच अंगात घाला.

ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी प्लास्टिकची पिशवी आणि अख्ख्या बॅगेला आतून एक मोठी जाड पिशवी. बॅगेवरचं पावसाचं आवरण वाऱ्यात उडतं, आतली पिशवी उडत नाही.

रंगीत तालीम

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. कोल्हापूरकरांनी तरी गाळू नये, कारण तीन हवा आपल्याला एका दिवसात मिळतात.

निघायच्या आठवडाभर आधीचा रविवार. भरलेली बॅग घेऊन पहाटे पन्हाळा. सुमारे २० किलोमीटर, पण शहराच्या बराच वर, डिसेंबरात तटावर वारं कानात शिरतं. तिथं सगळे थर घालून अर्धा तास बसा, चालू नका. बसल्यावर थंडी वाजली तर मनालीसाठी एक थर कमी आहे. तिथून परत येऊन गगनबावडा, कोल्हापूरहून साधारण ५५ किलोमीटर. मग करूळ किंवा भुईबावडा, जो घाट सुरू असेल तो उतरून दुपारी खाली कोकणात. तासाभरात हवा बदललेली अंगाला कळते.

इथं बघायचं ते असं की काढलेले कपडे जातात कुठं. अक्कांनी पन्हाळ्यावर सगळं घातलं, गगनबावड्याला फ्लीस काढलं, घाटाखाली जाकीटही काढलं, आणि दोन्ही हातात धरून बसल्या. बॅगेत जागाच नव्हती! घरी भरताना ती काठोकाठ भरली होती. निघताना बॅगेचा पाचवा भाग रिकामा हवा, नाहीतर पहिल्या उन्हात तुम्ही चालता-फिरता खुंटी होता. त्याच रात्री अक्कांनी स्वतःहून दुसरी शाल, तडजोडीबाहेर राहिलेली एक सुती साडी आणि स्टीलचा मोठा तांब्या बाहेर काढला. तांब्याला वेळ लागला.

सोमवारी परत रद्दीवाला. ७ किलो ६०० ग्रॅम.

परत आल्यावर बॅग लगेच कपाटात टाकू नका. जमिनीवर तीन ढीग करा: रोज वापरलं, एकदा वापरलं, वापरलंच नाही. तिसऱ्या ढिगाची यादी वहीच्या त्याच पानाच्या मागं. माझ्या ढिगात हातमोजे होते, कारण भाड्याच्या कोटाबरोबर ते मिळाले, आणि तिसरा कुर्ता. अक्कांच्या ढिगात हातपंखा. तो त्यांनी कधी परत ठेवला होता, हे मला जैसलमेरपर्यंत कळलं नव्हतं.